चालत कोणी जायचं, मावशी?

मावशी, तुम्ही गेल्यावर तिसऱ्याच दिवशी पंख्यावरून पुन्हा भांडण झालं आणि सवयीने सगळ्यांच्या माना तुमच्या टेबलाकडे वळल्या. तिथे कोणी नव्हतं. लताताई गप्प झाली, गीतादीदी गप्प झाली, पंखा तसाच फिरत राहिला. माकुणसारला तुमच्या अंगणात मी उभी होते तेव्हा तुम्ही गेलात हे मला नीट कळलं नव्हतं. बायका रडत होत्या म्हणून मीही रडत होते. कळलं ते त्या दिवशी.

मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिले, पण ते परीक्षेसाठी. गेलेल्या माणसाला उद्देशून लिहायचं असतं का, तेही माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे विचारायचं कोणाला? पण तुमचं आणि माझं एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते मी दुसऱ्या कोणाशी पुरं करू?

तुम्हाला माहीत असलेलंच थोडं परत सांगते, कारण हे इतरही वाचतील. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा चादरींचा कारखाना. शिवून झालेल्या चादरी आमच्या घडीखात्यात येतात. डबल बेडची चादर एकटीला घडी करता येत नाही. एकीने दोन कोपरे धरायचे, समोरचीने उरलेले दोन. चादर ताणायची, ट्यूबच्या उजेडात डाग, भोक, सुटलेला धागा बघायचा आणि मग दुमडायची. दुमडली की एक जण जागेवर उभी राहते आणि दुसरी आपली टोकं घेऊन तिच्यापर्यंत चालत जाते. टोकं तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी कड उचलायची, परत मागे यायचं. पुन्हा दुमडायची, पुन्हा चालत जायचं. शेवटी आत पुठ्ठा, वर अभ्रे आणि पिशवी. त्या खात्याच्या तुम्ही प्रमुख होता. सगळ्या तुम्हाला कुंदामावशी म्हणायच्या, तुमच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा.

मी आले तेव्हा सकाळी पालघरला कॉलेज आणि दुपारपासून काम, असं ठरवून आले होते. पहिले काही दिवस मी कोणाशी बोललेच नाही. तुम्ही बघत होता. एके दिवशी तुम्ही मला टेबलाशी बोलावलंत आणि पाळी सुरू होताना आज कुठल्या मापाच्या चादरी, कुठला रंग आधी, हे सगळ्यांना सांगायचं काम माझ्यावर टाकलंत. मी सांगितलं. लताताईने इकडे तिकडे बघून विचारलं, "मांजर शिरलं काय खात्यात?" सगळ्या हसल्या. मला रडू फुटणार होतं. तुम्ही म्हणालात, "परत सांग. पंख्याच्या वर आवाज गेला पाहिजे." मी परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अजून पंख्याच्या खालीच हाय." तिसऱ्यांदा गीतादीदी मागून ओरडली, "सुनाई दिया, सुनाई दिया, लड़की को छोड़ दो!" तेव्हा तुम्ही मला सोडलंत.

पुढे कॉलेजात वर्गासमोर बोलायची वेळ यायची तेव्हा मी छताकडे बघायचे. पंखा चालू असला की बरं वाटायचं.

तो पंखा म्हणजे आपल्या खात्यातलं कायमचं भांडण. चालू असला की चादरी फुगतात, बंद केला की जीव जातो. लताताई बटणाजवळ बसायची, ती चालू करायची. गीतादीदी पंख्याखाली, ती उठून बंद करायची. एकदा फारच वाढलं. लताताई म्हणाली, "तुझ्या गावाला पंखे नसतील, इथं हायत." गीतादीदी म्हणाली, "हमारे गाँव में तमीज़ है, वो तुम्हारे यहाँ नहीं दिखती." तुम्ही उठलात. मला वाटलं, आता कोणाला तरी झापणार.

"जेवलात दोघी?"

"नाय."

"मग आधी जेवा. उपाशी माणसाचं भांडण मी ऐकत नाय."

आणि जेवण झाल्यावर दोघींना एका चादरीवर घेतलंत. ही तुमची रीत. ज्या दोघींचं वाजलं त्यांनी एकाच चादरीची दोन टोकं धरायची, आणि तुम्ही बास म्हणेपर्यंत एकमेकींसमोर उभं राहून घड्या घालायच्या. खात्यात ती धमकीच होऊन बसली होती. कोणी आवाज चढवला की दुसरी म्हणायची, "मावशी चादरीवर घेईल हां!"

"इसको बोलो, खींचे नहीं."

"मी कुठं खेचते? हीच खेचते!"

"बोला बोला, चादर ऐकते," तुम्ही पुठ्ठे लावता लावता म्हणालात. मान वर केली नाहीत. तेवढ्यात गीतादीदीला शिंक आली, तिच्या हातातली टोकं सुटली आणि ताणलेली चादर जाऊन लताताईच्या डोक्यावर बसली. चादरीच्या आतून आवाज आला, "बघा मावशी! मारलं हिनं मला!" सगळं खातं हसलं. आतली पण हसत होती, चादर हलत होती.

पंख्याचा निकाल तेव्हाही लागला नाही. मी तुम्हाला विचारलं, "पण बरोबर कोण होतं?"

"दोघी. गरम पण होतं नि चादरी पण उडतात."

मला ते उत्तर पटलं नाही. मला तेव्हा वाटायचं की प्रमुख म्हणजे निवाडा देणारी. तुम्ही निवाडा देत नव्हता, माणसांना समोरासमोर उभं करत होता आणि स्वतः पुठ्ठे लावत होता. तरी आमचं खातं चालत होतं, आणि शेजारच्या शिवणखात्यात, जिथे रोज निवाडे व्हायचे, तिथून दर महिन्याला कोणी ना कोणी सोडून जायचं.

तुमचा एकच नियम होता आणि तो मला सगळ्यात उलटा वाटायचा. चादर दुमडली की चालत कोणी जायचं यावरून नेहमी कुरबुर व्हायची. उभी राहणारी आपोआप मालकीण वाटते, चालणारी मोलकरीण. भांडणाच्या चादरीवर तर दोघी खांबासारख्या उभ्या राहायच्या. तेव्हा तुम्ही म्हणायचात, "जिला वाटतं आपलं बरोबर हाय, तिनं चालायचं."

मी म्हटलं, "मावशी, उलट पाहिजे ना? चुकलेलीने यावं."

"चुकलेलीला आधीच लाज वाटत असते. तिचे पाय उचलत नाय. बरोबर असलेलीला काय झालंय?"

मी ते करून बघितलं, मावशी. तुम्हाला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. कॉलेजात आम्हाला गटाने एक काम करायचं होतं आणि गटातली एक मुलगी आपला भाग करतच नव्हती. बाकीच्या म्हणत होत्या, सरांना सांगून हिचं नाव काढून टाकू. माझा भाग तयार होता, म्हणजे माझं बरोबर होतं. म्हणून मी उठून तिच्या बाकापाशी गेले. तिला विषयच समजला नव्हता आणि विचारायची लाज वाटत होती. ती लाज माझ्या ओळखीची होती. आम्ही दोघींनी मिळून तिचा भाग लिहिला. त्या दिवशी दुपारी मी कामावर आले तेव्हा तुमच्याकडे बघून उगाच हसत होते आणि तुम्ही विचारलंत, "काय गो, लग्न ठरलं काय?"

शेवटच्या वर्षाला आम्हाला कामाच्या ठिकाणच्या भांडणांवर एक धडा आला. भांडण हाताळायच्या रीती दिल्या होत्या. आपलंच खरं करणं, पडतं घेणं, अर्धं तुझं अर्धं माझं करणं, मिळून मार्ग काढणं आणि टाळणं. घरी जाताना गाडीत बोईसर ते पालघर मी तुम्हाला तो वाचून दाखवला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "बरं लिहिलंय. यातली मी कंची?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

ते सांगायची वेळ फार वाईट प्रकारे आली.

रमिलाला कामाला मीच आणलं होतं. आमच्या शेजारच्या पाड्यातली, मनोरच्या बाजूची. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. आणि चेतन आपला चेकर, चादरी तपासणारा, केळव्याचा, तुमच्या माहेरच्या शेजारचा. त्याला कामाला तुम्ही लावलं होतंत. पावसाळ्यातला एक दिवस होता. रमिलाच्या गठ्ठ्यातल्या एका चादरीवर तेलाचा डाग निघाला. डाग खरा होता, मी बघितला. चेतनने ती चादर सगळ्यांसमोर उलगडून वर धरली आणि म्हणाला, "जंगलातून उठून येतात. घरात कधी चादर बघितलीय काय हिनं? हिला डाग कुठून दिसणार!"

काही जणी हसल्या. रमिलाचं चलाख तोंड बंद झालं. आमच्या घरातही चादर नव्हती, मावशी, गोधडी होती. बोलणं तिला होतं, पण आमच्याकडच्या सगळ्या पोरींना ते सारखंच लागलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही उठलात. मला हायसं वाटलं.

"जेवलात?" तुम्ही विचारलंत. आणि दोघांना चादरीवर घेतलंत.

चेतन टोकं धरून जागेवर उभा राहिला. चादर दुमडली गेली. तो हलला नाही. थोडा वेळ गेला आणि रमिला चालत गेली. पुढच्या घडीला पुन्हा तीच. पुढच्या चादरीला पुन्हा तीच. तुमचा नियम खात्यात सगळ्यांना पाठ होता, पण मान खाली घालून जाताना तिला बघून कोणालाही वाटलं नसेल की हिचं बरोबर आहे. वाटलं असेल ते एवढंच, की ही खालची आहे म्हणून चालते आहे. तुम्ही पुठ्ठे लावत होता. पण तुम्ही एकदा मान वर केलीत. मी बघितलं.

त्या आठवड्यानंतर रमिला आली नाही.

बोईसरच्या फलाटावर, शेवटच्या बाकाशी, आपण त्यावर भांडलो. मी तुमच्याशी कधी त्या आवाजात बोलले नव्हते. पंख्याच्या वरचा आवाज होता तो, आणि तुम्हीच शिकवलेला.

"तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत."

"डाग होता, भारती."

"डागाचं मी बोलतच नाही. तो घराचं बोलला. पंख्याचं भांडण आणि हे भांडण एकाच चादरीवर कसं घालता?"

"मग काय करायला पाहिजे होतं? सगळ्यांसमोर उतरवायचा त्याला? तो उद्या दुसऱ्या कोणावर काढेल. माणसं एका छताखाली ठेवायची असतात गो."

"रमिला कुठे राहिली छताखाली?"

आणि मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. "तो तुमच्या गावाकडचा नसता, तर?"

तुम्ही रुळांकडे बघितलंत. "हे बोललीस तू," म्हणालात. मग, "त्या पुस्तकातली मी कंची, ते सांगणार होतीस."

"टाळणारी."

"बरं."

गाडी आली. पालघर येईपर्यंत आपण बोललो नाही. मी उतरले, तुम्ही पुढे केळवे रोडला गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी वाडीतली सोनचाफ्याची फुलं रुमालात बांधून आणलीत आणि प्रत्येकीला एक दिलंत. मला दोन दिलीत. ती दोन फुलं म्हणजे रागावले नाही असं होतं, की तुझं पटलं असं होतं, की नुसतीच दोन जास्त उमललेली होती? मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारू कधीतरी.

मग तुमचे पाय सुजायला लागले, तुम्ही रजेवर गेलात, आणि मी तुम्हाला भेटले ती एकदम दवाखान्यात. पलंगाभोवती तुमच्या घरची माणसं बसलेली. तुम्ही एवढ्याशा झाल्या होतात. तुम्ही विचारलंत, "खात्यात बरं हाय ना?" मी म्हटलं, "हो, बरं आहे."

बरं नव्हतं, मावशी. आमच्याकडच्या पोरी जेवायला मागच्या जिन्यात बसायला लागल्या होत्या आणि बाकीच्या पंख्याखाली. गठ्ठे एकीने दुसरीकडे सरकवायचे तर मध्ये मला बोलवायच्या. चेतन कोणाशी बोलत नव्हता, डाग दिसला की चादर नुसती बाजूला टाकायचा, आणि ती कशासाठी टाकली ते कळायला मार्ग नसायचा. तुमच्याविना खातं चालत होतं तेही तुम्ही परत येणार म्हणून.

तुम्ही गेल्यावर चारच दिवसांत मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुला सगळं ठाऊक आहे, कागदपत्र जमतात. कुंदाबाईंच्या जागी तूच बघ. सोमवारी सांग." मी बाहेर आले तर बातमी माझ्या आधी खात्यात पोचलेली. गीतादीदी म्हणाली, "हाँ बोल दे, पढ़ी-लिखी है तू." लताताई म्हणाली, "कालची पोरगी आता आम्हाला घड्या शिकवणार." आणि आमच्याकडच्या दोघी जिन्यात मला म्हणाल्या, "तू त्या टेबलावर बसलीस ना, तर आमी सोमवारपासून नाय. तिथं बसणारी त्यांचीच असते."

मी बसले नाही तर बाहेरून कोणी येईल. बसले तर या दोघी जातील, त्यांच्यामागून बाकीच्या जातील. मला तुम्हाला विचारायचं होतं. खरंच विचारायचं होतं, फलाटावर उभं राहून, तुमच्याशी भांडून.

त्या रविवारी मी रमिलाकडे गेले. का ते नीट सांगता येत नाही. तुमचं टेबल घ्यायचं तर आधी तुमच्या हातून सुटलेलं टोक उचलावं, असं काहीतरी वाटलं असेल. जीप मनोरच्या रस्त्याला सोडते, पुढे चढण. रमिला आणि तिची आई खळ्यावर भात झोडत होत्या. मला बघून तिने हातातली पेंढी आपटली आणि म्हणाली, "आता तू. तुमच्या खात्यात काय वारी लावलीय काय माझ्याकडं?"

"अजून कोण आलेलं?"

"तुझी म्हातारी."

मी खाली बसले.

"जीपमधून उतरून चालत आलेली," रमिलाची आई म्हणाली. "पाय बघवत नव्हते. मी तेल लावून दिलं."

रमिलाने सांगितलं ते असं. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी प्यालात, भाकरी खाल्लीत. मग म्हणालात, "माझ्या खात्यात तुला चालायला लावलं. ते माझं चुकलं." आणि रमिलाने तुम्हाला काय उत्तर दिलं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "मी बोलले, मावशी, तुमी आलात, बरं वाटलं. पण तो सगळ्यांसमोर बोलला नि तुमी हितं चार कोंबड्यांसमोर बोलताय."

"मग?"

"हसली. कोंबड्यांकडं बघून हसली. मग बोलली, खरं हाय तुझं. बरी झाले की करते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनंच सांगितलं, भारतीला बोलू नको. बोलली, तिला कळलं ना तर ती मला जन्मभर सोडायची नाय."

मावशी, मी तिथे हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. रमिलाची आई भात झोडायची थांबली. मी जिंकले होते आणि तुम्ही मला कळूही दिलं नाहीत. दवाखान्यात तुम्ही "खात्यात बरं हाय ना" विचारलंत तेव्हा तुम्ही हेच विचारत होता का? रमिलाचं राहिलंय, असं? मी "हो" म्हटलं आणि तुम्ही डोळे मिटलेत. मला अजून तुमचा राग येतो. तुम्ही चालत तिथपर्यंत गेलात, सुजलेल्या पायांनी, आणि मधल्या रस्त्यात मी राहते तिथे थांबला नाहीत.

निघताना मी रमिलाला म्हटलं, "सोमवारी ये."

"कामाला नाय येणार."

"कामाला नको. ऐकायला ये."

तिने पेंढी उचलली.

सोमवारी मी पाळीच्या आधी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर चेतनला गाठलं. मला काय बोलायचं ते मी गाडीत घोकलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तिथे आठवलं नाही, एवढंच म्हटलं की रमिलाला बोललास ते चुकलं असं आज सगळ्यांसमोर म्हण. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याने तुम्हाला खांदा दिला होता.

"मावशीने मला सगळ्यांसमोर कधी उभं केलं नसतं," तो म्हणाला. "तू करणार. मोठी झालीस ना आता."

"मावशी रमिलाच्या घरी गेल्या होत्या."

तो बघतच राहिला. "कधी?"

"रजेवर होत्या तेव्हा. एकट्या."

"पाय..." तो म्हणाला आणि थांबला. चहावाल्याने ग्लास पुढे केला तो त्याला दिसला नाही. मग म्हणाला, "डाग होता. डागाचं मी खोटं बोललो नाय."

"डाग होता. तो दिसला तर उद्याही चादर परत कर, मीच ती परत घेईन. डागाचं मी तुला काही बोलायला सांगत नाही. घराचं का बोललास, तेवढं बोल."

"नि नाय बोललो तर?"

तुम्ही असता तर जेवलास का विचारलं असतंत. मी खरं ते सांगितलं. "तर मी ते टेबल घेणार नाही. साहेबांना नाही म्हणून सांगेन. मावशींनी अर्धं ठेवलेलं मला पुरं करता येत नसेल तर तिथे बसून मी काय करू?"

तो आत निघून गेला. येईल की नाही, मला खरंच माहीत नव्हतं.

रमिला आली होती. गठ्ठ्यांपाशी, दाराजवळ, चपला न काढता उभी. आमच्याकडच्या दोघी तिच्या बाजूला. मी नेहमीसारखी चादरींची मापं सांगितली, रंग सांगितले. मग म्हटलं, "चेतनला काही बोलायचं आहे." आणि मला वाटलं आता तो मान हलवून नाही म्हणणार. तो पुढे आला. हात मागे बांधले. काहीतरी बोलला.

"ज़ोर से बोलो भैया, पंखा चल रहा है," गीतादीदी म्हणाली.

त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तेव्हा, मावशी, लताताई उठली. मला वाटलं आता ही काहीतरी टोमणा मारणार. तिने हात लांब करून पंखा बंद केला. स्वतःहून. पाती थांबेपर्यंत सगळ्या तशाच उभ्या.

"चादरीवर डाग होता, ते मी परत बोलेन," चेतन म्हणाला. "पण जंगलाचं नि घराचं बोललो, ते चुकलं. रमिला, माझं चुकलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. रमिलाने चपला काढल्या, गठ्ठ्यातली वरची चादर ओढली आणि दोन कोपरे धरून उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. चेतनने जाऊन उरलेले दोन उचलले.

मी तुमच्या टेबलाशी उभी होते. हातांना काहीतरी हवं म्हणून पुठ्ठे लावायला घेतले. चादर ताणली गेली, उजेडात बघून झाली, दुमडली. आता कोणी चालायचं? खातं बघत होतं. तुमचा नियम सगळ्यांना पाठ.

रमिला हलली नाही. तिचं बरोबर होतं, आणि ती हलली नाही. चेतन आपली टोकं घेऊन तिच्यापर्यंत गेला. कड उचलून मागे गेला, पुन्हा दुमडली, पुन्हा आला. घडी सरळ आली, मावशी. काठाला काठ.

म्हणून मला वाटतं, तुमचा नियम सगळीकडे चालत नाही. पण मग तुम्ही स्वतः रमिलाच्या घरी चालत गेलात, ते कोण म्हणून गेलात, बरोबर असलेली म्हणून की चुकलेली म्हणून? आणि मी गेले ती? यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण मिटलेलं नाही, आणि ते लवकर मिटावं असं मला वाटतही नाही.

लताताईने पंखा परत लावला. गीतादीदीने "अरे!" केलं. रमिलाने घडीत पुठ्ठा सरकवला, अभ्रे ठेवले, पिशवी बंद केली आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला.

"पुढची दे."

मी दिली.